पाळी जातानाचा खालचा कोरडेपणा: कशाने होतो, काय लावायचं, डॉक्टरकडे कधी जायचं

मला हे पहिल्यांदा जाणवलं ते स्कूटरवर. फोंड्याहून पणजीला ऑफिसला रोज स्कूटरनेच जाते, वीस वर्षं तरी झाली असतील, कधी सीटवर बसायचा त्रास म्हणून झाला नव्हता. पण ४९ वं लागलं, पाळी चार-चार महिन्यांनी उगवायला लागली आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत खाली असं काही जळजळायचं की पुढचा रस्ता उभ्याने गाडी चालवावी असं वाटायचं. सासूबाई म्हणाल्या उष्णता झाली असेल गो, सब्जा घे, सोलांचं सरबत पी. प्यायले. मग फार्मसीतून बुरशीचं क्रीम आणून लावलं, मग लघवीला जळजळ म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मग नवरा जवळ आला की मीच कूस बदलून झोपल्याचं नाटक करायला लागले. असे अडीच वर्षं गेले. शेवटी एका लेडी डॉक्टरने तपासलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की बुरशी नाही, इन्फेक्शन नाही, इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन) कमी झाल्यामुळे आतलं अस्तर पातळ झालंय. पाच मिनिटं. मी तिथेच रडायच्या बेतात आले होते, दुःखाने नाही, रागाने.

म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पण स्वतः भोगलं, नंतर बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं. पाळी अजून चालू आहे पण डळमळीत झालीय, अशा बायकांनीही वाचा, कारण हे पाळी पूर्ण थांबायच्या आधीही सुरू होऊ शकतं.

आधी, हे होतं कशाने

सलग १२ महिने पाळी आली नाही की त्याला मेनोपॉज म्हणतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ च्या आसपास होतं, परदेशातल्या लेखांत ५१ लिहिलेलं असतं ते वाचून "मला अजून वेळ आहे" असं समजू नका. त्याआधीची तीन-चार वर्षं हार्मोन वरखाली होत राहतात.

योनीमार्गाचं अस्तर म्हणजे तोंडाच्या आतल्या कातडीसारखं, ओलसर, जाड, घड्या असलेलं, ताणलं तरी परत जागेवर येणारं. ते तसं ठेवायचं काम इस्ट्रोजेन करतं. इस्ट्रोजेन असेपर्यंत त्या पेशींत ग्लायकोजेन म्हणजे एक प्रकारची साखर साठते, त्यावर चांगले जंतू जगतात, ते लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि तिथला पीएच ३.८ ते ४.५ असा आंबट राहतो, त्या आंबटपणात वाईट जंतू टिकत नाहीत. दह्याचं विरजण नीट लागलं की दूध नासत नाही ना, साधारण तसंच. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ होतं, घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा आटतो, चांगले जंतू कमी होतात आणि पीएच ५ च्या वर जातो. लघवीची नळी आणि मूत्राशयाचं तोंड शेजारीच आहे, तिथेही इस्ट्रोजेन लागतंच, म्हणून लघवीच्या तक्रारीही याच पोत्यातून बाहेर पडतात. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी या सगळ्याला मिळून एक नवीन नाव दिलं, जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, थोडक्यात जीएसएम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही तीन अक्षरं दिसली तर घाबरू नका, हेच ते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम वाफा, रात्रीचा घाम वगैरे बहुतेकींचं काही वर्षांनी आपोआप निवळतं. हे निवळत नाही. काही केलं नाही तर हळूहळू वाढत जातं. पाळी गेलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांना हा त्रास होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणी तो आपोआप जाईल म्हणून थांबून राहतात, माझ्यासारख्या.

पहिली पायरी: हाच त्रास आहे की दुसरं काही

कोरडेपणा म्हटलं की लोकांना फक्त संबंधाची गोष्ट वाटते. विधवा, एकट्या राहणाऱ्या, लग्न न केलेल्या बायकांना वाटतं आपला काय संबंध. आहे, पूर्ण आहे. चालताना घासल्यासारखं होणं, बसल्यावर जळजळ, पुसताना टिश्यूवर किंचित लाल दिसणं, खाज, लघवी लागली की दम न निघणं, लघवीनंतर चुरचुरणं, पॅप टेस्टच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीच्या) वेळी जीव जाणं, हे सगळं यात येतं. संबंधाच्या वेळी दुखणं, आत खरवडल्यासारखं वाटणं आणि नंतर दोन दिवस आग होणं तर आहेच.

पण सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टीही आहेत. घट्ट दह्यासारखं पांढरं जाणं आणि प्रचंड खाज, तर बुरशी असू शकते. गंमत म्हणजे पाळी गेल्यावर ज्या बायका हार्मोन घेत नाहीत त्यांना बुरशी तशी कमी होते, त्यामुळे पन्नाशीनंतर परत परत बुरशी होत असेल तर साखर तपासा. हे मी गोव्यातल्या बायकांना मुद्दाम सांगतेय. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशभरच्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. आणि मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे खाली बुरशी व्हायची शक्यता वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरला हे जोडून सांगा, कारण साखरेचा डॉक्टर वेगळा, बायकांचा वेगळा आणि दोघांच्या मध्ये आपण.

माशांसारखा वास आणि पातळ करडं जाणं हे वेगळं इन्फेक्शन. आणि कातडी पांढरट, पातळ, सुरकुतलेल्या कागदासारखी झाली असेल, रात्री खाजेने झोप मोडत असेल तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो, त्याला स्टेरॉइडचं मलम लागतं, मॉइश्चरायझरने भागत नाही, आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं कारण थोड्या बायकांत पुढे कॅन्सर होऊ शकतो. हातात छोटा आरसा घेऊन स्वतः एकदा बघा. आपल्यातल्या कितीतरी जणींनी साठ वर्षांत तिकडे एकदाही पाहिलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, गुलाबी डाग जरी पडला, तरी तपासणी करायचीच. बहुतेक वेळा कारण हाच पातळपणा असतो, पण दहातल्या एखादीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो आणि लवकर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली तर सहसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. "चवथ झाली की बघू" असं करू नका.

दुसरी पायरी: जे जे जाळतंय ते बंद करा

हे फुकटातलं काम आहे आणि यानेच काहींना अर्धा आराम पडतो.

साबण बंद. डेटॉल, सॅवलॉन तर अजिबात नाही. टीव्हीवर दाखवतात ते सुगंधी वॉश आत घालायची काहीच गरज नाही, योनीमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो, बाहेरून साधं पाणी पुरतं. तुरटीच्या पाण्याने धुणं हा प्रकार अजून चालतो, "घट्ट राहतं" म्हणून आईने मुलीला सांगितलेला असतो. तुरटी ओलावा शोषते, कातडी आवळते. जिथे आधीच कोरडं आहे तिथे तुरटी म्हणजे जखमेवर मीठ. हळद, लिंबू, दही आत घालायचे उपायही नकोत.

रोज पॅन्टी लायनर लावायची सवय असेल तर सोडा, तो प्लास्टिकचा थर घासतो आणि घाम धरून ठेवतो. सुती चड्डी घाला, रात्री शक्य असेल तर नाहीच घातली तरी चालेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत हा मोठा प्रश्न, दमट चड्डी अंगावर सुकवायची सवय सगळ्यांना. मी पावसात दोन-तीन जास्तीच्या ठेवते आणि बाहेरून इस्त्री फिरवते, वेडेपणा वाटेल पण कातडी शांत राहते. कपडे धुताना सुगंधी कंडिशनरही त्या कपड्यांना नको.

औषधंही एकदा तपासा. सर्दी-ॲलर्जीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या नाक सुकवतात तशाच बाकीचाही ओलावा सुकवू शकतात. डिप्रेशनच्या काही गोळ्या, स्तनाच्या कॅन्सरनंतरचं टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, यांनीही असं होतं. ज्यांचं गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलंय त्यांना तर पाळी हळूहळू जात नाही, एका रात्रीत जाते, आणि त्रास जास्त जोरात येतो. आपल्याकडे चाळिशीत "पिशवी काढून टाकली" म्हणणाऱ्या किती आहेत, पण अंडाशय ठेवलं की काढलं हे विचारलं तर माहीत नसतं. जुन्या फाइलमधला ऑपरेशनचा कागद शोधा.

सिगरेट ओढणाऱ्या असाल तर ती सोडायला हे अजून एक कारण, तिने रक्तपुरवठा आणि इस्ट्रोजेन दोन्ही कमी होतात.

तिसरी पायरी: मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत

इथे सगळ्यांचा घोळ होतो, माझाही झाला. लुब्रिकंट म्हणजे त्या वेळेपुरतं घसरण देणारं जेल, संबंधाच्या आधी लावायचं, काम झालं की संपलं. मॉइश्चरायझर म्हणजे चेहऱ्याला क्रीम लावतो तसं, संबंध असो नसो, आठवड्यातून दोन-तीन रात्री नेमाने आत लावायचं, ते अस्तराला चिकटून पाणी धरून ठेवतं. मी सहा महिने लुब्रिकंट विकत घेऊन "काही फरक नाही" म्हणत होते, कारण मला त्रास स्कूटरवर होत होता आणि जेल मी महिन्यातून एकदा लावत होते.

मॉइश्चरायझर घेताना त्यात हायल्युरॉनिक ॲसिड किंवा पॉलिकार्बोफिल आहे का बघा. सगळ्या फार्मसीत मिळेल असं नाही, गावातल्या दुकानात तर विचारल्यावर हातात लुब्रिकंटच देतात, तेव्हा ऑनलाइन मागवलेलं बरं, शिवाय काउंटरवर ओळखीचा मुलगा असतो तो प्रश्नही मिटतो. लावायचं झोपताना, कारण उठल्यावर थोडं गळतं. सोबत मिळतो तो ॲप्लिकेटर नाहीतर स्वच्छ बोट. सगळं खोल आत सोडून देऊ नका, सगळ्यात जास्त आग तोंडाशी होते तेव्हा तिथे आणि बाहेरच्या नाजूक भागालाही बोटाने लावा. पहिले एक-दोन दिवस थोडं चुरचुरलं तर ठीक, पण सतत आग होत असेल तर ब्रँड बदला. दोन-तीन महिने नेमाने लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

लुब्रिकंट तीन जातीचे. पाण्याचं सगळीकडे मिळतं, धुवायला सोपं, पण लवकर सुकतं, परत थोडं पाणी लावलं की चालू होतं. सिलिकॉनचं जास्त टिकतं, ज्यांना खूप कोरडं आहे त्यांना हे बरं. तेलाचं म्हणजे आपलं खोबरेल. खोबरेल तेल हे गोव्यात सगळ्यावर औषध, केसांना, भाजल्याला, बाळाच्या मालिशला, आणि हो, इथेही बऱ्याच बायका लावतात आणि बऱ्याच जणींना सोसतंही. वास-रंग न घातलेलं शुद्ध असेल तर बाहेरून लावायला हरकत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो, आणि ज्यांना वारंवार इन्फेक्शन होतं त्यांनी आत घालू नये. कंडोमची गोष्ट निघाली म्हणून, पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायला सांगतात.

लेबल वाचायची सवय लावा. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेलं जेल घट्ट असतं आणि ते पेशींतलंच पाणी बाहेर ओढतं, मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं तसं. जेल किती पाणी ओढणार हे त्याच्या ऑस्मोलॅलिटीवरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितलंय की ती शक्यतो ३८० च्या आत आणि फार तर १२०० पर्यंत असावी, आणि पीएच साधारण ४.५. हे आकडे सगळ्या कंपन्या छापत नाहीत, पण छापलेले दिसले तर ती कंपनी बरी समजा. "वॉर्मिंग", "कूलिंग", स्ट्रॉबेरी, चॉकलेट हे सगळं टाळा. बधिर करणारं बेंझोकेन घातलेलं तर नकोच, दुखणं कळलंच नाही तर आत चिरा पडलेल्या कळणार कशा.

चौथी पायरी: डॉक्टरकडे, आणि तिथे काय बोलायचं

दोन-तीन महिने हे करून आराम नाही, किंवा त्रास आधीच जोरात आहे, लघवीचं इन्फेक्शन परत परत होतंय, तर स्त्रीरोग तज्ज्ञाकडे जा. खाजगी परवडत नसेल तर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. तिथल्या गर्दीत आपला नंबर येतो तेव्हा डॉक्टरकडे चार मिनिटं असतात आणि आपण लाजून "अंगात उष्णता आहे" म्हणतो, मग चिठ्ठीवर भलतंच येतं. घरून वाक्य ठरवून जा. मी ठरवलं होतं ते असं: "डॉक्टर, पाळी लांबायला लागल्यापासून खाली कोरडं पडतं, बसल्यावर जळजळतं आणि नवऱ्यासोबत संबंध ठेवताना दुखतं." एवढं एका दमात बोलले आणि मग जमिनीकडे बघत बसले. पण काम झालं.

सोबत शेवटच्या पाळीची तारीख, ऑपरेशनं, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकिटंच न्या), साखरेचा रिपोर्ट, लघवीचे जुने रिपोर्ट आणि घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते. तपासणीत डॉक्टर बघूनच ओळखतात, अस्तर फिकट, चकचकीत, घड्या गेलेल्या. ४५ च्या पुढे वय आणि पाळी डळमळीत असेल तर नुसत्या या निदानासाठी हार्मोनच्या महागड्या रक्त तपासण्या सहसा लागत नाहीत. तपासताना दुखेल अशी भीती असेल तर आधीच सांगा, लहान मापाचं यंत्र वापरता येतं, जेल लावता येतं, आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं हा तुमचा हक्क आहे.

लघवीचं अजून एक. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर त्याला वारंवार म्हणतात. दर वेळी अँटिबायोटिक गिळण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का बघायची तपासणी, करून घ्या, कारण जळजळ असते पण जंतू निघतच नाहीत असं यात बऱ्याचदा होतं. माझ्या तीनपैकी एकाही वेळी कल्चर झालं नव्हतं. आणि बसमध्ये, ऑफिसात संडास घाण म्हणून पाणीच न पिणाऱ्या आपण सगळ्या, तेही बंद करा.

पाचवी पायरी: तिथेच लावायचं इस्ट्रोजेन

हार्मोन म्हटलं की बायका दचकतात. माझी मैत्रीण तर म्हणाली, "गो, कॅन्सर होईल, माझ्या जावेने वाचलंय." ही भीती आली कुठून ते सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची बातमी जगभर झाली, त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली तोंडाने घ्यायची गोळी घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला होता. ती गोळी पोटात जाऊन सगळ्या अंगभर फिरते. योनीमार्गात लावायचं क्रीम म्हणजे त्याच्या तुलनेत चिमूटभर, ते जागेवरच काम करतं, रक्तात फारच कमी उतरतं. नंतर हजारो बायकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेल्या अभ्यासांत असं क्रीम वापरणाऱ्यांत कॅन्सर किंवा हार्ट ॲटॅक वाढलेले दिसले नाहीत. तरी क्रीमच्या डब्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर गोळीचेच इशारे छापलेले सापडतात, ते वाचून रात्री अकरा वाजता डबा परत कपाटात ठेवणारी मी एकटी नसेन.

आपल्याकडे एस्ट्रिओलचं क्रीम जास्त लिहून देतात. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डोस डॉक्टर सांगतील, पण पद्धत सहसा अशी असते: पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. हात धुवा, ॲप्लिकेटरवरच्या खुणेपर्यंतच क्रीम भरा, जास्त भरलं म्हणून लवकर बरं होत नाही. पाठीवर पडून गुडघे वर घ्या, पाठीच्या कण्याच्या दिशेने हळू आत सरकवा, कोरडं असेल तर टोकाला थोडं पाणी लावा. थोडं क्रीम बोटावर घेऊन तोंडाशी आणि लघवीच्या जागेजवळ लावा. ॲप्लिकेटर कोमट पाण्याने आणि साबणाने धुवून सुकवा. संबंधाच्या लगेच आधी हे क्रीम लुब्रिकंट म्हणून वापरायचं नाही, नवऱ्याच्या अंगाला लागतं, काही क्रीमने कंडोमही खराब होतो.

सुरुवातीला जळजळतं, पातळ कातडीवर काहीही लावलं तरी जळजळणारच, आठवडाभरात कमी होतं. दोन ते चार आठवड्यांत फरक वाटायला लागतो, पूर्ण फायद्याला तीन महिने धरा. मला तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पणजीला पोचल्यावर आठवलं की अरे, बाणस्तारीला काही झालंच नाही. वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शनही याने कमी होतं, हा फायदा खूप जणींना माहीत नसतो. स्तन खूप दुखायला लागले किंवा रक्त गेलं तर डॉक्टरला कळवा.

ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आधी बिनहार्मोनचे उपाय पूर्ण करून बघायचे, आणि क्रीमचा विचार कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलूनच, विशेषतः लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल तर. कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल तर आधी तो तपासायचा, मग क्रीम.

लेझरबद्दल विचाराल म्हणून लिहिते. "एका सिटिंगमध्ये तारुण्य परत" अशा जाहिराती येतात, पैसे भरपूर घेतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, अशा मशीनच्या दाव्यांविरुद्ध इशारा दिला होता, भाजणं, व्रण, कायमचं दुखणं अशा तक्रारी होत्या. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात खरं लेझर आणि खोटं खोटं लेझर केलेल्या बायकांत वर्षभराने फरक निघाला नाही. ते पैसे मुलीच्या दागिन्याला ठेवा.

सहावी पायरी: दुखण्याची आठवण

क्रीमने कातडी बरी होते, पण मन आणि स्नायू लगेच विसरत नाहीत. वर्षभर दुखलंय म्हटल्यावर नवरा नुसता जवळ सरकला तरी खालचे स्नायू आपोआप आवळतात, आवळले की परत दुखतं. म्हणून पहिले काही आठवडे आत घेणं पूर्ण बंद ठेवा आणि तसं स्पष्ट बोलून ठेवा. स्पर्श, मिठी, बाकीचं सगळं चालू. मी नवऱ्याला शेवटी जेवण झाल्यावर बाल्कनीत सांगितलं, "अहो, मला तुमचा कंटाळा नाही आलेला, मला दुखतं." तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मला वाटलं मीच म्हातारा झालो." दोन वर्षं एकाच पलंगावर दोघं वेगवेगळी गोष्ट समजून झोपत होतो.

परत सुरू कराल तेव्हा घाई नको, या वयात ओलावा यायला वेळ लागतो, पंचविशीतली पाच मिनिटं आता वीस होतात. लुब्रिकंट दोघांनाही लावा, भरपूर. बाई वर असली तर किती आणि कसं हे तिच्या हातात राहतं. नियमित संबंध असो की स्वतःचा स्वतः स्पर्श, त्याने तिथला रक्तपुरवठा चांगला राहतो. तरीही स्नायू आवळतच असतील तर पेल्विक फ्लोअरची, म्हणजे या खालच्या स्नायूंची, फिजिओथेरपी असते, हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायच्या बारीक ते जाड नळ्या, डायलेटर, याही मिळतात, ते डॉक्टरने किंवा फिजिओने शिकवल्यावरच वापरा. केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, सगळेच सांगतात, पण आधीच आवळलेल्या स्नायूंना अजून आवळायला लावलं तर उलटंच होतं, त्यांना सैल सोडायला शिकायचं असतं.

पन्नाशी-साठीतले पुरुष स्वतःसाठी फार्मसीतून निळी गोळी आणतात आणि घरात बायकोच्या कोरडेपणाचा शब्द निघालेला नसतो, हा अन्याय कोणालाच दिसत नाही. गोळी आणायला गेलात तर जेलची ट्यूबही आणा म्हणावं.

पुढे किती दिवस

सोया, जवस, ई-व्हिटॅमिनबद्दल सगळे विचारतात. खायला चांगलं आहे, खा, पण नुसत्या त्याने हे बरं होतं असा पक्का पुरावा नाही. सोलकढीने जीव गार होतो, तेवढंच.

क्रीम असो की मॉइश्चरायझर, बंद केलं की काही आठवड्यांत-महिन्यांत त्रास परत येतो. मी एकदा पेडण्याला माहेरी दीड महिना राहिले, आई आजारी होती, ट्यूब नेलीच नव्हती, येताना स्कूटरवर लगेच कळलं. म्हणजे चष्म्यासारखं आहे, लागतं तोवर लावायचं. तीन महिन्यांनी एकदा डॉक्टरला दाखवा, मग वर्षातून एकदा, तेव्हाच पॅप टेस्टचं आणि साखरेचंही बघून घ्या. ट्यूब उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा.

आठवड्यातून दोनदा हे लक्षात राहत नाही ही सगळ्यांची तक्रार. माझा हिशेब सोपा, बुधवार आणि रविवार, नुस्त्याचे दिवस. दुपारी घरात मासे शिजले की रात्री क्रीम. नणंद काणकोणला असते, ती मासे खात नाही, तिने मोबाइलवर अलार्म लावलाय आणि नातवाने विचारलं तर बीपीच्या गोळीचा म्हणून सांगते.